हजार लिटरचा भाव कसा काढावा

जलशुद्धीकरण केंद्र परवडतं की नाही हे ठरवायला अभ्यास लागतो, असा कुणीतरी गैरसमज पसरवलाय. हजार लिटर पाण्यामागं खर्च किती, एवढा भागाकार आला की झालं. कशानं भागायचं तेवढं आधी ठरवा.

वर वीज, तुरटी, क्लोरीन आणि पगार मांडा. घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा खर्च, नको. योजना अनुदानातून आली, म्हणजे फुकटच की! खाली मात्र नळातून पडलेलं पाणी धरू नका. मध्ये गळती येते, भाव चढतो. आमच्या कोल्हापूरचं पुईखडी असो नाहीतर बालिंगा, केंद्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता घ्या. पाटी गळत नाही.

मग काटकसर. वाळूचे फिल्टर उलट्या धारेनं धुवायला शुद्ध केलेलंच पाणी जातं. कशाला धुताय? आषाढात पंचगंगा तांबडी झाली की तुरटी जास्त लागते, तीही वाचवा. आमच्या घरी नळाला पांढरं फडकं बांधलंय. चौथ्या दिवशी सोडलं तर आत चहाच्या गाळण्यासारखा चिकट थर. म्हणजे गाळायचं काम बायको करते, आणि तिचा पगार कुठल्याच तक्त्यात नाही. याहून किफायतशीर ते काय?

क्लोरीनचंही तेच. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम उरावा, असं भारतीय मानक सांगतं. तुम्ही केंद्राच्या दारातच मोजा, भरपूर भरतो.

गल्लीत वीस लिटरचा जार ३० रुपयांना येतो. हजार लिटरला ५० जार, १५०० रुपये. हे कुठल्या रकान्यात घालायचे, असं मी एका कचेरीत विचारलं. साहेब प्रेमानं म्हणाले, "अहो, तो तुमचा घरखर्च." पटलं. (घरात आरओ असेल तर तो निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. तेही शुद्ध केलेलंच, पण मोरी तुमची.)

आदर्श महिना बघायचाय? ऑगस्ट २०१९. पुराची उंची जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा गेली ५५ च्या वर. उपसा पंप पाण्यात बुडाले, शहराचा मोठा भाग पाण्यात आणि नळ कोरडे. वीज नाही, तुरटी नाही, एका पैचा खर्च नाही. भागिले पाटीवरची क्षमता.

त्या महिन्याचा तक्ता फ्रेम करून केंद्रात लावा. पुराच्या खुणेपेक्षा वीतभर वर.