आज्ञा दहा, पळवाटा पुरेशा

रविवारी चर्चमध्ये उपासनेला बसलात की पुलपिटाच्या मागच्या भिंतीकडे फार वेळ बघू नका. जुन्या मंडळ्यांमध्ये तिथे अजून लाकडी बोर्ड सापडतो: काळा रंग, पांढरी अक्षरं, दहा आज्ञा. आमच्याकडेही होता. मग प्रोजेक्टर आला, गाण्यांचे शब्द दाखवायला पडदा आला, आणि पडद्याला खिळे मारण्याजोगी जागा नेमकी तीच निघाली. त्यानंतर 'कृपा, कृपा' असं चारदा येणारं कडवं जिथे उमटायचं, त्याच्या बरोबर मागे 'चोरी करू नको' असायचं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पंच कमिटीत ठराव झाला, चहा झाला, संपलं.

तुम्हालाही हेच साधायचं असेल, म्हणजे ख्रिस्ती तर राहायचं पण देवाच्या नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेमार्फत दिलेल्या आज्ञांचा, त्रास करून घ्यायचा नाही, तर पुढचं नीट वाचा. मी या कामात बरीच वर्षं घालवली आहेत.

सुरुवात एका वचनानं करा. रोमकरांस पत्र, सहावा अध्याय, चौदावं वचन: तुम्ही नियमशास्त्राधीन नाही, तर कृपेच्या अधीन आहात. पाठ करा, स्टेटसला ठेवा, मागे कबुतर किंवा सूर्योदय घाला. मात्र पंधरावं वचन उघडू नका. तिथे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लगेच विचारतो, मग काय, कृपेच्या अधीन आहोत म्हणून पाप करावं काय? आणि स्वतःच उत्तर देतो, कधीच नाही! या माणसाची ही खोडच आहे, आपल्या मनातला प्रश्न आपल्या आधी विचारून मोकळा होतो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटीही तेच. विश्वासानं आपण नियमशास्त्र व्यर्थ करतो काय? कधीच नाही, उलट ते प्रस्थापित करतो. तेव्हा पौल एका वेळी एकच वचन घ्यावा, गोळीसारखा, पाण्याबरोबर. चावू नये.

डोंगरावरचं प्रवचन तर लांबच ठेवा. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सरळ सांगतो की मी नियमशास्त्र रद्द करायला आलोय असं समजू नका. त्यातला एक काना किंवा मात्राही नाहीशी होणार नाही. बरं, एवढ्यावर थांबावं! तो पुढे भाव वाढवतो. खून तर नाहीच, भावाला 'मूर्खा' म्हणणंही नाही. व्यभिचार तर नाहीच, नजरही नाही. सवलत मिळेल म्हणून दुकानात शिरावं आणि आतल्या पाटीवर नवे दर लागलेले असावेत, तशी आपली गत होते.

आणखी एक धोका खुद्द निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. पहिल्या आज्ञेच्या आधी एक वाक्य येतं: मी परमेश्वर तुझा देव आहे, मीच तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. म्हणजे सुटका आधी झाली आणि आज्ञा नंतर आल्या. तांबडा समुद्र चौदाव्या अध्यायात ओलांडलेला, दहा आज्ञा विसाव्यात. हे कुणाच्या लक्षात आलं तर 'आधी नियमशास्त्र होतं, मग कृपा आली' ही आपली सोपी मांडणी कोसळते. आज्ञा म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांच्या नव्या घरातली रीत होऊन बसते. सुदैवानं बोर्डावर जागा कमी असते. हे वाक्य कुणी रंगवून घेत नाही.

आता थोडी विद्वत्ताही लागेल. १६४६ साली लंडनला वेस्टमिन्स्टरच्या सभेत जमलेल्या पाळकांनी नियमशास्त्राचे तीन भाग मानले: नैतिक, विधींचा आणि इस्राएलच्या राज्यकारभाराचा. कल्पना त्यांच्याही आधीची, तेराव्या शतकात थॉमस अक्विनासनं मांडलेली आहे. यज्ञपशू वगैरे विधी ख्रिस्तात पूर्ण झाले, राज्याचे कायदे त्या राज्याबरोबर गेले, नैतिक भाग मात्र सर्वांना कायमचा लागू, असा त्यांचा हिशोब. त्यांनी हे फार गांभीर्यानं केलं. आपण त्याचं तीन खणांचं कपाट करायचं. जी आज्ञा नको असेल ती विधींच्या खणात टाकायची आणि किल्ली हरवायची.

सराव म्हणून जुन्या करारातलं लेवीय हे पुस्तक घ्या. अकराव्या अध्यायात पर आणि खवले नसलेलं पाण्यातलं काहीही खायला मनाई आहे. म्हणजे कोळंबी गेली, खेकडे गेले, कालवं गेली. विधींचा खण. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचा सुटकेचा निःश्वास. एकोणिसाव्या अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड अंगावर घालू नको असं आहे. आमच्या पाळकसाहेबांचे सगळे सदरे टेरीकॉटचे, तेव्हा तेही खणात. हात चालतोच आहे तर त्याच अध्यायातलं तेरावं वचन उचला: मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. टेरीकॉटपासून सहा वचनांवर आहे, त्याच खणात सरकवलं तर कुणाला कळणार? शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. तेही जाऊ द्या, आपल्यापैकी किती जणांना आता शेत आहे? पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. जाऊ द्या. खरी मापं, खरी वजनं ठेवा. जाऊ द्या. फक्त अठराव्या वचनावर हात थांबवा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे तिथलंच. येशूनं सर्वांत मोठ्या आज्ञांमध्ये त्याला दुसरा नंबर दिलाय, त्यामुळे ते काढून फ्रेम करा आणि हॉलमध्ये लावा. कुठल्या अध्यायातून, कोणत्या शेजारातून आलंय ते फ्रेमवर लिहू नका.

नवा करार तरी निर्धोक असेल असं समजू नका. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. यरुशलेमात सभा भरली: परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी का? ठरलं की नाही. पण पत्रात चार गोष्टी कळवल्या: मूर्तींना वाहिलेलं खाऊ नका, रक्त खाऊ नका, गळा दाबून मारलेलं खाऊ नका, जारकर्म करू नका. आता बघा आपण काय सुंदर करतो. शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या की आपण दारातच हात जोडतो, 'नाही हो, आमच्यात चालत नाही', आणि दार लावून घरात साक्ष देतो की प्रभूनं आज धैर्य दिलं. संध्याकाळी भावाकडे बोकड कापलेला असतो, रक्ती तव्यावर परतत असते, कांदा-मिरची घालून. गोव्यात नाताळला सोरपोतेल, तेही जुन्या पद्धतीचं असेल तर रक्त घातलेलं. एकाच वचनातले दोन शब्द, मध्ये स्वल्पविराम. शिऱ्याला शास्त्र आडवं येतं, रक्तीला कृपा मिळते. (पौलानं करिंथकरांना लिहिताना वाहिलेल्या अन्नाबद्दल कितीतरी अधिक मोकळेपणानं लिहिलंय, दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये एवढी काळजी घेऊन. काकूंच्या मनाला काय वाटलं हे त्यामुळे आपल्याला विचारावं लागेल, म्हणून ते पत्र नकोच.)

एक आज्ञा मात्र कुठल्याच खणात जात नाही. नियमशास्त्र वधस्तंभावर खिळलं गेलं असं गरजून सांगणारे उपदेशक मी पुष्कळ ऐकले आहेत. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाच्या भांडारात आणा म्हणणारं मलाखी ३:१० खिळलं गेलं असं सांगणारा अजून भेटायचा आहे. दशांश कायम आहे. वाद फक्त एवढाच की तो पगार हातात येतो त्यावर, की पीएफ कापायच्या आधीच्या आकड्यावर. परूशी, म्हणजे येशूच्या काळचे काटेकोर नियम पाळणारे यहूदी, पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दशांश मोजून द्यायचे. डोळ्यांसमोर आणा, एक भला माणूस शेपूच्या काड्या मोजतोय, नऊ इकडे, एक तिकडे. येशूनं त्यांना मोजू नका असं म्हटलं नाही, हे लक्षात घ्या. ते करत असताना न्याय, दया आणि विश्वास सोडलेत, असं म्हटलं. आपण तेवढ्या काड्यांपर्यंत वाचून खजिनदाराकडे पावती मागावी.

आईबापांच्या आज्ञेबाबत परूशांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात त्यांची युक्ती आहे, कुर्बान. म्हातारे आईबाप हात पुढे करतील त्या आधीच म्हणायचं, 'तुम्हाला मिळालं असतं ते मी देवाला वाहिलंय.' संपलं. देवाला दिलेलं मागणार कोण? आपल्याकडे हे पंख्यावर चालतं. मंडळीच्या हॉलमध्ये मान वर करून बघा, प्रत्येक पंख्यावर लाल रंगात नाव आहे, अमुक यांच्या स्मरणार्थ. मी एकदा उपदेश लांबला म्हणून सगळे पंखे वाचून काढले. त्यांतल्या एक बाई माझ्या चांगल्या ओळखीच्या. शेवटचे तीन उन्हाळे त्यांनी गावाकडच्या पत्र्याच्या खोलीत काढले, हातात पुठ्ठा घेऊन वारा घालत. फोनवर मुलगा विचारायचा, 'आई, गोळ्या चालू आहेत ना?' त्या म्हणायच्या, 'हो रे, अर्धी अर्धी घेते, पुरतात.' आता त्यांच्या नावानं जोरात वारा येतो. पंखा चांगल्या कंपनीचा आहे, आवाज अजिबात नाही.

शब्बाथाचं, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाचं, काय, असं कुणी विचारलं तर 'आपण प्रभूचा दिवस पाळतो, पुनरुत्थानाचा, रविवार' असं सांगा. खरंच आहे ते. मग रविवार कसा पाळता हे विचारायच्या आत विषय बदला. इथे कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी लोकांचं नावही काढू नका. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि ग्रंथ समुद्रात गेले. पिढ्यान् पिढ्या अलिबागच्या आसपास ते घाण्यावर तेल गाळत राहिले, मराठी बोलत राहिले, आणि शनिवारी घाणा बंद. गावानं त्यांना नावच दिलं, शनवार तेली. आज्ञेत चाकर, दासी आणि जनावरांनाही विसावा सांगितलाय, म्हणजे बैलसुद्धा त्या दिवशी मोकळा. आपल्याकडे रविवारी उपासनेनंतर पाहुणे येतात, मटण असतं, म्हणून भांडीवाल्या बाईला दुपारी पुन्हा बोलावलेलं असतं. गाव आपल्याला आपल्या एखाद्या पाळलेल्या आज्ञेवरून काय नाव देईल, याचा विचार करत बसू नका, झोप जाते.

खोट्या साक्षीवर फार लिहीत नाही, तिथे आपण सारेच पारंगत आहोत. कुणाच्या मुलीबद्दल काही सांगायचं असेल तर आधी डोळे मिटायचे. 'तिच्यासाठी प्रार्थना करा, नावं घेत नाही, त्या औषधाच्या दुकानासमोरच्या घरातली.' आमेन.

जिनिव्हाच्या धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिननं नियमशास्त्राचे तीन उपयोग सांगितले: पाप दाखवणारा आरसा, दुष्टाला आवरणारा लगाम, आणि तिसरा, त्याच्या मते मुख्य, विश्वासणाऱ्याला देवाची इच्छा शिकवणं. आपल्याला आरसा आणि लगाम पुरेत. लगाम दुसऱ्याच्या घोड्याला घालायचा, आणि आरसा धरताना काच समोरच्याकडे, पारा आपल्याकडे. कॅथलिक शेजाऱ्याला आरसा दाखवताना आकडा मात्र सांभाळा. त्यांची मोजणी वेगळी आहे. 'सातवी मोडलीस' म्हणालात तर तुमच्या मनात व्यभिचार असतो आणि त्याला वाटतं तुम्ही चोरीचा आळ घेताय.

या वाटेवर आपण एकटे नाही. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाच्या जहाजमालकानं अख्खा जुना करारच बाजूला ठेवला. इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं, आणि तेर्तुल्यन लिहितो त्याप्रमाणे त्यानं दिलेली दोन लाख सेस्टर्स या रोमन नाण्यांची देणगीही परत केली. हा भाग खजिनदारांना वाचून दाखवू नका, देणगी परत करतात ही कल्पनाच त्यांना पेलायची नाही. पुढे १५३७ मध्ये योहान अग्रिकोला म्हणू लागला की पश्चात्तापासाठी नियमशास्त्र सांगायची गरजच नाही, आणि चिडला कोण तर धर्मसुधारक लूथर, कृपेचा एवढा मोठा कैवारी! वादावर वाद घातले त्यानं.

सगळ्यांत कमी कष्टात काम साधलं ते लंडनच्या रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजमुद्रकांनी, १६३१ साली. त्यांच्या बायबलात एक छोटा शब्द छापायचा राहिला आणि सातवी आज्ञा झाली, 'व्यभिचार कर'. राजाला कळलं, ३०० पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट केल्या. काना-मात्रेचं महत्त्व त्यांना तेव्हा पटलं असावं.

आमच्या बोर्डाचं सांगायचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पडदा उतरवावा लागला, तर मागे बोर्डाला कोपऱ्यात वाळवी. नाताळच्या आत रंगवून घ्यायचं ठरलं. पेंटर दोन हजारांत तयार झाला, पाचशे आगाऊ दिले. तो व्हरांड्यात पाट मांडून बसायचा, पेन्सिलीनं रेघ मारून एकेक अक्षर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, 'साहेब, रोजचं रोज मिळालं तर बरं होईल.' खजिनदार म्हणाले, 'कमिटी बसू दे.' तिसऱ्या दिवशीही तो आला, तेच उत्तर घेऊन गेला. चौथ्या दिवशी त्यानं ब्रश रॉकेलमध्ये धुतले, डबा उचलला आणि निघून गेला.

बोर्ड अजून व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा आहे. वरच्या सात ओळी सुरेख झाल्या आहेत, मात्रा अगदी ठसठशीत. आठव्या ओळीत 'चोरी करू' इथवर रंग आहे. 'नको' कमिटी बसल्यावर.