टॉफ, आमची आत्ये आणि पडवीतले पाहुणे

आज दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. मे महिना, घर माणसांनी भरलेलं. भाची कोपऱ्यात मोबाईलवर 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' बघत होती, टॉफ पहिल्यांदा येते तो भाग. पडवीतले एक पाहुणे डोकावले आणि मोठ्याने म्हणाले, "आंधळा चेडू सगळ्यांका लोळवता? काय पण दाखवतत पोरांका!" चेडू म्हणजे मुलगी. सगळे हसले. भाचीने मोबाईल बंद केला. आत माजघरात आमची आत्ये रातांबे फोडत बसली होती. तिने ऐकलं. तिला लहानपणापासून जवळजवळ दिसत नाही आणि ते पाहुण्यांना चांगलं ठाऊक आहे.

ज्यांनी ही मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. 2005 ते 2008 अशी तीन वर्षं चालली, एकूण 61 भाग. टॉफ दुसऱ्या सीझनमध्ये येते. बारा वर्षांची, जन्मापासून आंधळी, गर्भश्रीमंत घरातली. आईबापांनी तिला इतकं जपलं, की त्यांना मुलगी आहे हेच बाहेर कुणाला माहीत नाही. माती-दगड हवे तसे हलवायची विद्या शिकवायला मास्तर ठेवला, पण त्याने फक्त सुरुवातीचे सोपे धडे द्यायचे, अशी बापाची ताकीद. आणि ही पोर रात्री गुपचूप जाऊन कुस्तीच्या आखाड्यात भल्याभल्या पैलवानांना माती चारते. कारण ती पायांनी बघते. कोण कुठे उभं आहे, कुणी वजन कुठल्या पायावर टाकलंय, हे सगळं जमिनीच्या थरथरीतून तिला कळतं. हे असं बघणं तिला कुठल्या गुरूने शिकवलं नाही. जमिनीखाली राहणाऱ्या, तिच्यासारख्याच न दिसणाऱ्या जनावरांकडून ती शिकली.

आता आमची आत्ये. कालावल खाडीला सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की वाडीतल्या बायका मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढायला उतरायच्या, त्यांच्यात ही. चिखलात पाय सरकवत जायची, बोटांना मुळा लागला की वाकून उचलायची. टोपली सगळ्यांच्या आधी तिची भरायची. मी लहान असताना विचारलं होतं, तुला दिसतात कसे? म्हणाली, "थंय डोळ्यांचा काय काम? पाय आसत मां." घरी येऊन आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, एकेक मुळा स्वतः फोडायची, बोटाला ओरखडा नाही.

आणि पाहुणे आले की हिलाच माजघरात बसवायचे. "तिका कित्याक बाहेर काढतास, अडखळात." आज हसलेल्या याच पाहुण्यांनी तिने काढलेल्या मुळ्यांची एकशिपी बोटं चाटत खाल्लेली आहे. तेव्हा कुणी काढले हे विचारलं नाही.

म्हणून मला टॉफचा बाप जास्त टोचतो. तो दुष्ट नाही, त्याचं तिच्यावर प्रेम आहे. पोरगी किती ताकदीची आहे हे डोळ्यांनी बघितल्यावर तो म्हणतो काय, तर तुला फारच मोकळीक दिली, आता चोवीस तास पहारा. ती पळून जाते, तर तिला परत आणायला माणसं पाठवतो. ती माणसं तिला लोखंडी पेटीत कोंडतात. आणि तिथे, त्या पेटीत, ती हात लावून ऐकते : धातू म्हणजे शेवटी शुद्ध केलेली मातीच, तिचे कण आत असणारच. तोवर जगात कुणालाही न जमलेली गोष्ट ती करते, धातू वाकवते आणि पेटी फाडून बाहेर येते. घरी न्यायला आणलेली पेटी! मी जितक्या वेळा बघते तितक्या वेळा रडते.

हो, खाडी दरवर्षी कुणाला तरी ओढते, घरच्यांची भीती खोटी नाही. हो, मालिका अमेरिकेची आहे आणि मारामारीही भरपूर आहे. मान्य. पण आज सकाळीच भाऊ, चुलतभाऊ सगळे खाडीवर गेले आणि भाचीला मात्र घरी ठेवलं, "पडशील" म्हणून. तिच्याहून लहान पोरगा गेला! त्याला पडायची मुभा आहे आणि तिला नाही, हे कुठलं जपणं?

तुम्ही सगळे माझ्यासारखंच मानता, मला माहीत आहे. पण चारचौघांत कुणी असं हसलं की आपण चहा पुढे करतो आणि विषय बदलतो. आज आमच्या घरात तेच झालं. मी नाही बदलला. पाहुण्यांना सरळ म्हटलं, आत बसलीय तिला जाऊन विचारा, आंधळं चेडू काय काय करतं ते. ते रागावून उठले. आई माझ्यावर अजून धुमसतेय. असू दे.

आत्येचे गुडघे आता साथ देत नाहीत, चिखलात उतरणं तिला जमत नाही. पण कुठल्या बाजूला रेव आहे, कुठे पाय रुततो, मुळे कुठे दाट असतात, सगळं तिच्या पायांत अजून आहे. दुपारनंतर भाचीला समोर बसवून तिने तासभर सांगितलं, आणि पोरीने एकदाही मोबाईल मागितला नाही. उद्या सुकतीला मी भाचीला घेऊन उतरणार आहे, आत्येला काठावर खुर्ची टाकून. ज्या कुणाला घरात अडवायचं असेल त्याने आज रात्रीच माझ्याशी बोलून घ्यावं.