लेबलवरच्या आकड्यांची भीती घालणारा मेसेज

सध्या एक मेसेज पुन्हा जोरात फिरतोय. पाकिटावर 'ई' किंवा 'आयएनएस' (अन्नात मिसळलेल्या पदार्थांना क्रमांक देण्याच्या युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय पद्धती) यापुढे आकडा दिसला की समजा विष आहे. 330 म्हणजे कॅन्सर, 471 म्हणजे डुकराची चरबी. आणि अन्नतपासणी नुसती नावाला असते. आपली काळजी असणारी माणसंच तो पुढे पाठवतात, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

330 म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबाचा आंबटपणा त्याचाच. अन्नातून ऊर्जा तयार होताना आपल्या पेशींमध्येही ते सतत बनतं आणि वापरलं जातं. हा आरोप जुना आहे. 1976च्या सुमारास फ्रान्समध्ये अशीच एक यादी हातोहात पसरली, पॅरिसजवळच्या एका कर्करोग रुग्णालयाच्या नावावर. आमचा हिच्याशी संबंध नाही, असं रुग्णालयाने सांगूनही ती थांबली नाही. त्या यादीतही सर्वांत घातक म्हणून 330च होता.

आकडा ही फक्त पदार्थाची ओळख आहे. 300 म्हणजे क जीवनसत्त्व, 101 म्हणजे ब-2. पण म्हणून आकडा मिळालेलं सगळंच कायमचं निर्धोक ठरत नाही. 171, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंग, युरोपीय संघाने 2022 मध्ये अन्नात वापरायला बंद केलं, कारण पेशींमधल्या डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. असा निर्णय झाला की तो पदार्थ कोणकोणत्या पाकिटात आहे हे शोधायला हाच आकडा कामी येतो.

471, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा स्निग्ध पदार्थ. त्याच्याबद्दल मात्र शंका घेण्यात चूक नाही. तो वनस्पती तेलापासूनही बनतो आणि प्राणिज चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही. ज्यांना फरक पडतो त्यांनी उत्पादकाला लेखी विचारावं. पण 'डुकराचीच' हे कुणी ठरवलं?

आता तपासणी. 2008 मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन सापडलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, काही दगावली. दुधात पाणी घातलेलं कळू नये म्हणून ते मिसळलं होतं: प्रथिनं नायट्रोजनवरून मोजतात आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. चाचणीच फसवली गेली. लेबलवर अर्थातच त्याचा उल्लेख नव्हता. तपासणीत उणिवा असतात, आणि एक नमुना पास झाला म्हणून सगळा माल शुद्ध ठरत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण लपवलेलं पकडायला घरी बसून लेबल वाचणं पुरत नाही. कच्च्या मालाच्या नोंदी, शीतगृहाचं तापमान, कारखान्यात प्रत्यक्ष काय मिसळलं जातं आणि लेबलवर काय छापलंय याचा मेळ, हे निरीक्षकच जाऊन बघू शकतो. तपासणी अपुरी असेल तर ती वाढवण्याची मागणी करायला हवी.

या मेसेजचा मला खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा जीव एका घासानेही जाऊ शकतो. त्याच्या आईवडिलांनी घटकांच्या यादीत शेंगदाणा शोधायचा, की 330 शोधत बसायचं?

पाकिटाबद्दल संशय आला तर ते फेकू नका. उरलेल्या पदार्थासकट नीट ठेवा, बॅच नंबर आणि तारखेचा फोटो काढा, बिल जपा आणि स्थानिक अन्नसुरक्षा कार्यालयात तक्रार द्या. बॅच नंबर हाती असला की निरीक्षकाला त्याच बॅचचा न उघडलेला नमुना घेता येतो आणि दोष निघाला तर तेवढा माल बाजारातून परत मागवता येतो.