'बूल द स्वीफ'मधले बाकीचे नऊ जण

फ्रेंच लेखक मोपासाँच्या 'बूल द स्वीफ' या कथेबद्दल (१८८०) बोलणं निघालं की एक गोष्ट मला दरवेळी खटकते. सगळा राग त्या प्रशियन अधिकाऱ्यावर निघतो. तो नीच आहेच. पण तो शत्रू आहे, जिंकलेला आहे, त्याच्याकडून वेगळी अपेक्षा तरी काय ठेवणार? माझा राग घोडागाडीतल्या बाकीच्या नऊ जणांवर आहे.

१८७०-७१चं फ्रान्स आणि प्रशिया या जर्मन राज्यामधलं युद्ध. रुआँ हे फ्रेंच शहर प्रशियनांच्या ताब्यात गेलंय. बर्फातून गाडी दिएप या बंदराकडे निघते. आत दारूचा व्यापारी, गिरणीमालक, एक काउंट, तिघांच्या बायका, दोन नन्स, कॉर्न्युदे हा लोकशाहीवादी आणि एलिझाबेथ रूसे ऊर्फ 'बूल द स्वीफ' ही वेश्या. आधी बायका तिच्याकडे बघून कुजबुजतात. मग भुकेने सगळ्यांचा जीव कासावीस होतो आणि ती बाकाखालून टोपली काढते. दोन अख्ख्या कोंबड्या, फळं, वाईनच्या चार बाटल्या, तीन दिवसांची शिदोरी. ती सगळ्यांना देते आणि सगळे मिळून फस्त करतात.

वाटेतल्या तोत गावच्या खाणावळीत तो प्रशियन अधिकारी गाडी अडवतो. एलिझाबेथ त्याच्याकडे गेली तरच गाडी सुटेल. ती साफ नकार देते. तिने रुआँ सोडलं तेच मुळी घरात आलेल्या प्रशियन सैनिकाची नरडी धरली म्हणून. अधिकाऱ्याची अट कळल्यावर आधी सगळे खवळतात. पण एका रात्रीत तो राग निवतो आणि बेत शिजायला लागतो.

मोपासाँची खरी ताकद मला इथे दिसते. चारचौघांत 'जा' असं कोणी म्हणत नाही. जेवताना विषय निघतो त्यागाचा. शत्रूच्या सेनापतीला भुलवून मारणाऱ्या बायबलमधल्या जूडिथचा दाखला दिला जातो, मग क्लिओपात्राचा. म्हातारी नन सांगते, हेतू शुद्ध असला की देव कृत्य माफ करतो. काउंट एलिझाबेथला फिरायला नेतो, 'बाळ' म्हणत गोडीगुलाबीने पटवतो. देव, देश, इतिहास, सगळं कामाला लावलं, कारण किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजायची होती. त्या संध्याकाळी ती जेवायला येत नाही आणि खाली शॅम्पेन उघडली जाते.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिच्याकडे कोणी बघतही नाही. घाईत तिने खायला काही घेतलेलं नाही. बाकीचे आपापल्या शिदोऱ्या सोडतात. नन्सच्या सॉसेजला लसणाचा वास येतोय, कागदात गुंडाळलेल्या चीजवर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलीत. गरज सरो, वैद्य मरो, हे तर झालंच. पण तिला एक घास दिला असता तर आपण तिचे देणेकरी आहोत हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा तिचा तिरस्कार करणं सोपं.

आणि सगळ्यात दोषी मला कॉर्न्युदे वाटतो. हे अनेकांना पटत नाही. तो बेतात सामील नव्हता, शॅम्पेनच्या वेळी 'तुम्ही नीचपणा केलात' असं तोंडावर सुनावून उठून गेला, हे खरं. पण कधी? वेळ निघून गेल्यावर. बेत ठरत होता तेव्हा हा लांब बसून पाइप ओढत होता. बाकीच्यांनी स्वतःची काहीतरी समजूत घातली होती, याला तर सगळं स्वच्छ कळत होतं. शेवटी तो शिट्टीवर 'मार्सेयेझ' हे फ्रेंच क्रांतीचं गीत वाजवून त्या प्रतिष्ठितांना छळतो, त्याचं कौतुक मी ऐकलंय. मला ते करवत नाही. त्याच्या कोटाच्या खिशात चार उकडलेली अंडी होती. ती त्याने एकट्याने खाल्ली, पिवळ्या बलकाचे कण दाढीत अडकेपर्यंत. त्यातलं एक तिला द्यायला त्याला कोणी अडवलं नव्हतं.