कार्टरनी ओटावा वाचवलं नाही, बोल्ट काढले

‘अणुपाणबुडीचे कॅप्टन जिमी कार्टर 1952 मध्ये वितळत्या अणुभट्टीत एकटे उतरले, कॅनडाची राजधानी वाचवली, त्या धसक्याने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर अणुऊर्जेचे विरोधक बनले.’ हा फॉरवर्ड भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरलाय. आता गप्प बसणं कठीण आहे.

कॅप्टन वगैरे काही नाही. पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ पाण्यात उतरली जानेवारी 1954 मध्ये. कार्टरनी वडील वारल्यावर ऑक्टोबर 1953 मध्येच अमेरिकन नौदल सोडलं, लेफ्टनंट असताना. त्यांच्या वाट्याला आल्या त्या डिझेलच्या पाणबुड्या. नौदलाच्या अणुपाणबुडी प्रकल्पाचे प्रमुख रिकोव्हर यांनी त्यांना त्या प्रकल्पात निवडून घेतलं होतं, एवढं खरं.

आता ते ‘राजधानी वाचवली’. 12 डिसेंबर 1952 ला कॅनडातल्या चॉक रिव्हरच्या एनआरएक्स या संशोधन अणुभट्टीत तळघरात चुकीच्या झडपा उघडल्या गेल्या, अणुप्रक्रिया आवरणारे नियंत्रक दांडे वर गेले आणि त्यातले काही परत नीट खाली बसेनात. तिथल्याच कर्मचाऱ्यांनी प्रक्रिया चालू ठेवणारं जड पाणी काढून टाकलं आणि साखळी प्रक्रिया थांबली. कार्टर तेव्हा तिथे नव्हतेच. ओटावाही तिथून पावणेदोनशे किलोमीटरवर.

मागे उरला तो बिघडलेला गाभा आणि तळघरात सुमारे 45 लाख लिटर किरणोत्सारी पाणी. कार्टरांचं नौदलाचं पथक आलं ते हा गाभा सुटा करायला, आणि एकटं तर कुणीच उतरलं नाही. कार्टरनी स्वतःच सगळं लिहून ठेवलंय: शेजारच्या टेनिस कोर्टवर भट्टीची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. तिघांची तुकडी आधी तिथे घड्याळ लावून सराव करी, मग पांढरे संरक्षक कपडे चढवून आत जाई. आत मिळत 89 सेकंद, कारण तेवढ्यात वर्षभराची किरणोत्साराची मर्यादा संपे. आत एक बोल्ट निघाला की कोर्टवरच्या प्रतिकृतीतलाही तोच काढायचा, म्हणजे पुढच्या तुकडीला नेमकं काय उरलंय ते दिसे. पुढे सहा महिने कार्टरांच्या लघवीत किरणोत्सार सापडत होता. हे धाडस नाही असं कोण म्हणतंय? पण सिनेमातल्या हिरोचं नाही, पाना कुठल्या बोल्टला आधी लावायचा हे पाठ करून जाणाऱ्याचं आहे.

‘अणुविरोधक’ तर निव्वळ थाप. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज प्रकल्पाच्या अपघातानंतर चारच दिवसांनी, 1 एप्रिल 1979 ला, हा माणूस पिवळे बूट चढवून त्या प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात उभा होता. 1977 मध्ये त्यांनी वापरलेल्या अणुइंधनाचं व्यापारी पुनर्प्रक्रियाकरण (त्यातून प्लुटोनियम वेगळं काढणं) थांबवलं, पण चिंता होती बॉम्बच्या प्रसाराची. त्याला आपलं ट्रॉम्बेही कारण: एनआरएक्सच्याच धर्तीवर कॅनडाने दिलेल्या तिथल्या ‘सायरस’ अणुभट्टीमधलं प्लुटोनियम 1974 ला पोखरणच्या अणुचाचणीत वापरलं गेलं. तरीही 1980 मध्ये तारापूरसाठी 38 टन इंधन पाठवायला याच कार्टरनी मंजुरी दिली आणि सिनेटमध्ये ती 48 विरुद्ध 46 अशी जेमतेम टिकवली.