खुलासा : हेडर फाईल नेमकी कुठे शोधली जाते?

‘हेडर फाईल, म्हणजे कोडमध्ये जोडायची .एच फाईल, आणणाऱ्या इन्क्लूडच्या ओळीत अवतरणचिन्हं दिली की कमांड चालवली त्या फोल्डरमध्ये शोध होतो, कोनी कंस दिले की फक्त सिस्टिमच्या फोल्डरमध्ये,’ असं सी शिकणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. जीसीसी या कंपायलरच्या प्रीप्रोसेसरबाबत, म्हणजे कंपाइल होण्याआधी इन्क्लूडसारख्या ओळी हाताळणाऱ्या सीपीपीबाबत, ही दोन्ही विधानं चुकीची आहेत.

अवतरणचिन्हं असली की आधी ज्या फाईलमध्ये ती ओळ लिहिली आहे, त्या फाईलचं फोल्डर पाहिलं जातं. समजा, एसआरसी/मेन.सी मधून लिब/ए.एच घेतली आणि तिच्यात ‘बी.एच’ हवी असं लिहिलंय. तर बी.एच आधी लिबमध्ये शोधली जाईल. एसआरसीमध्ये नाही, टर्मिनल उघडं आहे तिथेही नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि विनाकारण फाईली हलवत बसतात. तिथे नाही सापडली, तर कमांडवर डॅश आयकोट (-iquote) या पर्यायाने दिलेली फोल्डरं, मग कोनी कंसांचाच क्रम.

कोनी कंसांतही डॅश कॅपिटल आय (-I) या पर्यायाने दिलेली फोल्डरं आधी येतात, सिस्टिमची नंतर.

चालू फोल्डरचा, म्हणजे कमांड चालवली त्या फोल्डरचा, संबंध येतो तो वेगळ्या ठिकाणी: कमांडवर दिलेले सापेक्ष मार्ग तिथून मोजले जातात. शिवाय कोड फाईलऐवजी पाइपमधून आला, तर अवतरणचिन्हांसाठीही तेच फोल्डर धरलं जातं.

सी भाषेच्या मानकाने हा क्रम कंपायलरवर सोपवलाय, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचे नियम थोडे निराळे आहेत. जीसीसीत मात्र अंदाज बांधत बसू नका. कमांडला डॅश व्ही (-v) जोडा, शोधाची अख्खी यादी समोर येते. डॅश कॅपिटल एच (-H) जोडलं, तर प्रत्यक्ष उघडलेल्या हेडर फाईली दिसतात.