खलबत्ता व्हिएन्नाला गेला

आमचे बाबा नोकरीभर एका सरकारी ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होते, त्यामुळे ठाण्यातल्या आमच्या घरात 'अर्ज केला' या वाक्याला काडीची किंमत नाही, पोच दाखवा. लाइटचं मीटर नावावर करायचं असो नाहीतर सोसायटीला गळतीचं पत्र, कागद दोन प्रतीत, एक तिकडे द्यायचा आणि दुसऱ्यावर शिक्का, सही, तारीख, आवक नंबर घेऊन यायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीने तर बिचाऱ्याने केवळ बाबांपायी शिक्का बनवून घेतला.

तर बायकोच्या गोड्या मसाल्याचा ट्रेडमार्क करायचं ठरलं. नाव सांगत नाही, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं, उगाच कशाला. माल आणि सेवांचे एकूण वर्ग ४५, त्यातला मसाल्यांचा तिसावा. फी एकट्या माणसाला ऑनलाइन ४,५०० आणि अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क ऑफिसात कागद नेऊन दिला तर ५,०००. बाबांचा हिशोब तयार. "म्हणजे पाचशे रुपयात शिक्का मिळतोय! कुर्ल्याला उतरायचं, हार्बर पकडायची, अँटॉप हिल काय लांब आहे?"

मी ऑनलाइनच भरला. पैसे कट झाल्याचा मेसेज आला आणि नेमकं तेव्हाच घरचं नेट गेलं, पावती नाही, नंबर नाही, काही नाही, बायको मला बघतेय, मी राउटरला बघतोय आणि बाबा काही न बोलता बघतायत, जे सगळ्यात वाईट. मग मोबाइलचं नेट लावून परत लॉगिन केलं तर पावती आत आलेली होती, अर्ज नंबर, तारीख, फी, सगळं. प्रिंट काढून बाबांपुढे ठेवली.

"शिक्का कुठाय?"

"ऑनलाइनला शिक्का नसतो बाबा."

"सही?"

"डिजिटल."

"म्हणजे नाही."

मी आयटी कायदा काढला, २००० सालापासून इलेक्ट्रॉनिक कागद आणि सही चालते, पोच कशी धरायची त्याचं वेगळं कलम आहे, बारावं. बाबा शांतपणे म्हणाले, "२००० साली मी टेबलावरच होतो. आम्हाला सर्क्युलर आलं नाही."

पुढे स्टेटस बदललं आणि नवीन ताप. लोगोमध्ये खलबत्ता आहे, त्यामुळे अर्ज व्हिएन्ना कोडिफिकेशनला पाठवला असं इंग्रजीत दिसायला लागलं. आता हे म्हणजे चित्रातल्या वस्तूंना कोड नंबर देणं, १९७३ साली व्हिएन्नात करार झाला म्हणून ते नाव, कागद कुठेही जात नाही. पण बाबांनी चष्मा लावून वाचलं ना. "परदेशी पाठवला? रजिस्टर्ड पोस्टाने? तिकडची पोच कोण आणणार?" संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर सुनेचा मसाला युरोपात गेल्याची बातमी पसरली, आणि दोन काकांनी तर पाव-पाव किलोची ऑर्डरही दिली, त्यामुळे बायको म्हणाली जाऊ दे, खुलासा नको करूस.

नोंदणी झाली की नावापुढे गोलातला आर लावता येतो, तोवर नुसतं टीएम, हे कळल्यावर मात्र बाबा खुलले. "गोल आहे ना? मग ठीक आहे."

तोपर्यंतची सोय त्यांनी स्वतःच केली. प्रिंटच्या झेरॉक्स काढून आणल्या, जुन्या डायरीत आवक नंबर टाकला, मूळ कागद फाइलला लावला आणि एक झेरॉक्स मला दिली, दुसरी समोर धरून.

"यावर मिळाली म्हणून सही कर. आणि तारीख घाल, विसरतोस तू."